अण्णा, तुझा उजवा कान

अण्णा, काल तुझं तेरावं झालं आणि मी वाढलेल्या पानावरून उठून गेले. आत्या असती तर तिने तिथल्या तिथे मला झोडपलं असतं. पण काय करू? तंजावरहून आलेले सगळे एकेक करून तुझे गुण गात होते. असा शांत माणूस झाला नाही, कुणावर आवाज चढवला नाही, हात उगारणं तर दूरच. मी ऐकत होते आणि माझी पाठ जळत होती. मग कुणीतरी एरीची गोष्ट काढली. वेलचेरीच्या त्या मोठ्या तलावात बहिणीला पेटका आला, ती बुडायला लागली, डॉक्टरांनी पाण्यात डोकं घालायला बंदी केलेली असूनही याने उडी टाकली, तिला काढलं आणि उरलेला चांगला कान घालवून बसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भात चिवडत बसले.

ते तेवढ्यावर थांबले असते तर मी जेवून उठले असते. पण त्यांच्यातलीच एक बाई वहिनीची समजूत घालायला लागली. तुझ्या चंपूच्या कानातून पू येतो, हाक मारली तरी पोर वळत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. ती बाई म्हणाली, या घराण्याचेच कान कच्चे, बापाचा डावा जन्मापासून गेलेला, म्हणून तर उजव्याला पाण्याचं निमित्त पुरलं. रक्तातलंच आहे, त्याला कोण काय करणार. वहिनी मान हलवत होती. डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलंय. ते म्हणाले, घराण्यातलंच असेल तर फार आशा धरू नका. थेंब दिले आणि पाठवून दिलं. तुझी सहा वर्षांची पोर, अण्णा. तिला रक्तातलं म्हणून बहिरी होऊ द्यायची.

तू मला तुझ्या गळ्याची शपथ घातली होतीस. ती मोडायच्या आधी तुझ्याशी एकदा भांडून घेते. तू जिवंत असताना भांडायची सोय मीच ठेवली नव्हती.

डाव्या कानापासून सुरू करते, कारण तोही जन्मापासून गेलेला नव्हता. मी नऊ वर्षांची, तू सतरा. तू शाळा बुडवून बंदरात पोहायला जायचास. कोळ्यांच्या पोरांशी पैज लावून जहाजाच्या साखळीला हात लावून यायचास, आणि अख्ख्या मद्रासेत तुझ्याइतका वेगाने जाणारा नाही असं तीच पोरं सांगत फिरायची. अप्पांना हे कळलं ते तू नापास झालास त्या दिवशी. नुंगंबाक्कमच्या आपल्या दोन खोल्यांच्या मधल्या दारात त्यांनी तुला एकच थोबाडीत दिली, उघड्या पंजाची, होती नव्हती ती सगळी ताकद लावून. तू पडला नाहीस. कानावर हात ठेवून उभा राहिलास आणि बोटांच्या फटींतून रक्त आलं. अप्पा चपला घालून ऑफिसला गेले.

पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, यापुढे डोकं पाण्याखाली घालायचं नाही. अप्पांनी बाहेर सांगितलं की पोराचा कान जन्मापासूनच कच्चा होता, आम्हाला आत्ता कळलं. आत्याने री ओढली, तूही ओढलीस. तीन वर्षांनी अप्पा वारले तेव्हा तू त्यांना खांदा दिलास आणि ढसाढसा रडलास. मी रडले नाही. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला तुझा राग येत होता.

अप्पांच्या जागी तुला ऑफिसात घेतलं, आणि महिन्याच्या आत तू मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून वेलचेरीला नेलंस. तिथे भातशेतं, म्हशी आणि एरी, दुसरं काय आहे? शहरातल्या पोहण्याच्या तलावावर मुलींना आठवड्यातून एक तास मिळायचा, पण तू नाही म्हणायचास. क्लोरीनने डोळे जातील म्हणायचास. म्हणून आपण एरीत पंचावन्न यार्डांवर दोन बांबू ठोकले. जाऊन आलं की शंभर मीटर, वर हातभर.

आणि ते पंचावन्न यार्ड मोजले कसे, तर आत्याच्या लुगड्यावरून! आपल्याच घरात सुचावं असं हे. पंचावन्न यार्ड मोजायला टेप कुठून आणायची? आत्याचं सोवळ्याचं नऊवारी मागच्या अंगणात आडव्या दोरीवर अख्खं वाळत असे. कापडाचा वार आणि शर्यतीचा यार्ड एकच. सहा लुगडी आणि वर एक वार, झाले पंचावन्न. तू काथ्याचा दोर घेऊन लुगड्याला न शिवता त्याच्या बाजूबाजूने गेलास, कारण शिवलं असतं तर ते ओवळं झालं असतं आणि आत्याने पुन्हा धुवायला लावलं असतं. मी दोराचं दुसरं टोक धरून हसत होते. तुलाही हसू आवरत नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं त्या दोराने मला मार खायला लावला.

तुझ्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण असायचं. मुंबईच्या कुठल्याशा मुलीने फ्रीस्टाइलला घेतलेली वेळ त्यात होती. तू अप्पांचं मनगटी घड्याळ हातात धरून काठावर उभा राहायचास. दुसऱ्या हातात आत्याची काठी, सोवळ्यातलं लुगडं उंच वळणीवर चढवायची ती. मी त्या मुलीपेक्षा जितके सेकंद मागे, तितके फटके. सुरुवातीला पंधरा, मग बारा, आणि मग नऊवर येऊन जे अडलं ते अडलंच. रोज नऊ. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, पाठीवर. ओल्या अंगावर काठी कशी लागते ते तुला कधी कळलं नाही, कारण तुला अप्पांनी कोरड्या अंगावर मारलं होतं. दम वाढावा म्हणून तू कमरेइतक्या पाण्यात उतरायचास, माझं डोकं पाण्याखाली दाबून धरायचास आणि मोठ्याने साठपर्यंत मोजायचास. एकदा मी तुझ्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. तू रुमाल गुंडाळत म्हणालास, दात बरे आहेत, आता पायही तसेच चालव.

आत्या तुला शिव्या घालायची, पण कशासाठी? माझी सोवळ्याची काठी पोरीच्या ढुंगणाला लावून बाटवलीस म्हणून. मला हळद लावता लावता तुला ओरडायची आणि तुला ओरडून झालं की मला, की जरा जोरात पोह ना गे, मेली.

एक गोष्ट मात्र कबूल करते. तू माझ्या तोंडावर कधी मारलं नाहीस. काठी खांद्याच्या वर कधी आली नाही. आणि परतताना टपरीवर थांबून आपल्या वाटणीच्या दोन इडल्याही माझ्याच पानावर सरकवायचास. मला त्या इडल्या काठीपेक्षा जास्त छळतात, कारण त्यांच्यामुळे मला तुझा धड द्वेषही करता आला नाही.

मग राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत आली. मी चौदा वर्षांची. खरा तलाव, पांढऱ्या फरशीचा, मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच दिवशी. एरीत गाळाने काही दिसत नाही, म्हणून मला डोळे मिटून पोहायची सवय होती. हात मोजायची मी. बावन्न हात झाले की बांबू. पिस्तूल वाजलं, उडी टाकली, डोळे मिटले आणि मोजायला लागले. सत्तेचाळिसाव्या हाताला भिंत आली. पूर्ण वेगात आली. उजव्या हाताची दोन बोटं आधी मोडली आणि मग कपाळ आपटलं. एवढा आवाज झाला की लोक उठून उभे राहिले असं मागाहून कळलं. मला वाटलं, कुणीतरी मारलंच मला. वळले, कारण थांबले तर फटके बसतील एवढंच डोक्यात होतं. येताना डोळे उघडे ठेवले. पाणी लाल दिसत होतं आणि बाजूच्या पट्ट्यांत कुणीच नव्हतं. सगळ्याजणी मागे राहिल्या होत्या.

पंचांनी वेळ सांगितली. माझ्या रोजच्या वेळेपेक्षा नऊ सेकंद कमी. कपाळावर फडका दाबून मी तुला शोधत होते. तू जागेवरून उठला नव्हतास. सगळे तुझी पाठ थोपटत होते, आणि तुझा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

घरी आल्यावर तू अंगणात दगडावर बसलास. मी हात गळ्यात बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि आत्याला विचारलं, तुझं लुगडं किती वारांचं गे? आत्या जात्यावरून उठलीसुद्धा नाही.

"दहा वारांचं. मी आडवी बाई, नवात माझं काय होतं? कुंभकोणचा विणकर मला मुद्दाम दहाचं विणून देतो. अण्णाला सांगितलं होतं की मागच्या पोंगलला. तेव्हा दोर हातात घेऊन बसला होता तासभर."

मागच्या पोंगलला. म्हणजे दहा महिने झाले होते. दहा महिने तुला ठाऊक होतं की बांबू सहा यार्ड जास्तच लांब आहे, आणि दहा महिने तू रोज मला नऊ फटके मारत होतास. मी हिशेब करत बसले नाही. काठी वळणीला टेकलेली होती. ती डाव्या हातात घेतली आणि अंगणात आले. तुला ठाऊक होतं का, असं विचारलं. मी हळू बोलले असणार, कारण तू नेहमीप्रमाणे मान वळवून उजवा कान माझ्याकडे केलास.

"होतं," तू म्हणालास. "सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. भिंत तुला दिसेल असं वाटलं. डोळे मिटून पोहतेस हे मला काय माहीत?"

तू ऐकायला म्हणून पुढे केलेल्या त्या कानावर मी काठी मारली. एकदाच. डाव्या हाताने, पण अप्पांइतक्याच जोराने. अण्णा, खोटं कशाला बोलू, मारताना मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग तू कानावर हात ठेवलास, तसाच, आणि तसंच बोटांतून रक्त आलं, आणि माझ्या हातातून काठी सुटली.

तू मला मारशील म्हणून मी वाट पाहत होते. तू उठलास, काठी गुडघ्यावर मोडलीस, चुलीत सारलीस आणि मला जवळ ओढून म्हणालास, उद्या तुझं नाव पेपरात येणार, भावाला मारलं असं कुणाच्या तोंडी यायला नको, माझ्या गळ्याची शपथ घे. मी घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, कानात कापूस असताना, तू मला एरीवर नेलंस, कपड्यांनिशी पाण्यात उतरलास, डोकं बुडवून वर आलास आणि निथळत घरी जाऊन शेजारपाजारी सांगितलंस की मी मोडक्या हाताने पोहायला गेले आणि पेटका आला; सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या आत्याने याही वेळी री ओढली. बंदी झाल्यापासून ती तुझी पहिली बुडी आणि शेवटची. त्याने ताप चढला, पू झाला, आणि तीन महिन्यांत उजव्या कानाला ऐकू येणं संपलं. तुझा कान माझ्या फटक्याने गेला की तुझ्या त्या खोट्या बुडीने, यावरून मी अकरा वर्षं स्वतःशी भांडते आहे. नुसता पडदा फाटून भागलं असतं रे. तुला कोणी सांगितलं होतं माझी अब्रू झाकायला?

त्यापुढची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. पाच वर्षं मी राज्यात पहिली आले आणि एकदा देशात. तू दोर पुन्हा मोजलास, या वेळी टेपने, आणि काठावरून माझ्याबरोबर चालत राहायचास, रिकाम्या हाताने. सुरुवातीचं पिस्तूल तुला ऐकू यायचं नाही म्हणून धुराकडे बघून घड्याळ दाबायचास. त्या काळात मी आणखी चार सेकंद कमी केले. एकही फटका न खाता, अण्णा. हे मला तुझ्या तोंडावर ओरडून सांगायचं होतं, की बघ, काठीची गरजच नव्हती, नुसतं चालत राहिला असतास तरी झालं असतं. मग लगेच वाटतं, पण एकसष्ट यार्डांनी छाती भरली नसती तर ते चार तरी कुठून निघाले असते? तू हेच म्हणाला असतास. आपल्या घरात तुझ्याशी बोलायला पाटी होती, त्यावर आपण भाजीपासून शर्यतीच्या वेळांपर्यंत सगळं लिहायचो. मी कितीदा खडू हातात घेतला आणि "किती वाजता निघायचं" असं लिहून ठेवून दिला. माफी माग म्हणून लिहायचं होतं, आणि माफ कर म्हणूनही, आणि यातलं आधी काय लिहावं तेच ठरेना.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. आता दिवेलागण झाली आहे.

मी वहिनीला सांगितलं. चंपू अंगणात खेळत होती, वहिनी तांदूळ निवडत होती. डावा कान अप्पांनी फोडला, उजवा मी, एरीची गोष्ट खोटी आहे, घराण्याच्या रक्तात काही नाही, असं सगळं सलग सांगून टाकलं. ती सूप खाली ठेवून उठली. तुझी ती बायको, जी मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून चालते. तिने माझ्या मुस्काटात मारली. मग दुसऱ्या गालावर मारली. मी मागे सरले नाही. मला एवढंच दिसत होतं की ती मारतानाही कान चुकवते आहे.

"सात वर्षं संसार केला मी," ती म्हणाली. "माझा आवाज कसा आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, वन्सं."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तिने मला रडू दिलं, जवळ आली नाही. थोड्या वेळाने चंपूचे केस विंचरून, तिला नवा परकर नेसवून बाहेर आली आणि म्हणाली, चला, डॉक्टरांपुढे हे तुमच्या तोंडाने सांगायचं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी जुना कागद काढला, त्यावर त्यांनी घराण्याचं जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. मी म्हणाले, ते चुकीचं आहे, माझ्या भावाचे दोन्ही कान मारामुळे गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. डावा कुणी फोडला ते मी सांगितलं. मग त्यांनी चष्म्यावरून बघत तमिळमध्ये विचारलं, दुसरा? यारु? म्हणजे कोण. वहिनी भिंतीकडे बघत होती. बाकावरची माणसं ऐकत होती, त्यातल्या एकाने मला ओळखलंही होतं, शर्यतीतला माझा फोटो कधीतरी पाहिलेला असणार.

"नान दान," मी म्हणाले. मीच. त्याची बहीण.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग कागदावरची ती ओळ खोडली, दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, असं असेल तर पुन्हा पहिल्यापासून बघू या. त्यांनी चंपूला हाक मारली. पहिल्या हाकेला ती वळली नाही. दुसऱ्या हाकेला वळली, अण्णा.